चालू खात्यावर चार्जेस लागले? आधी स्टेटमेंट काढा, मग भांडा

भोगीच्या दिवशी सकाळी डेअरीवाले काका दुकान पोरावर सोपवून माझ्याकडे आले. मिरजेत लक्ष्मी मार्केटच्या आसपासच्या छोट्या दुकानदारांचा जमाखर्च मी बावीस वर्षं लिहिते आहे, त्यामुळे बँकेचं काही बिनसलं की लोक आधी माझा जिना चढतात. काकांच्या हातात पासबुक होतं आणि आवाज चढलेला. "ताई, तीन महिन्यांत ३,७१७ रुपये कापलेत. आज खातंच बंद करून टाकतो."

त्या आठवड्यात आलेले काका एकटे नव्हते. एकाच बँकेत आमच्या मार्केटातल्या बऱ्याच जणांची करंट खाती, म्हणजे धंद्याची चालू खाती, आहेत. त्या बँकेने १ ऑक्टोबरपासून दोन गोष्टी बदलल्या. महिन्याची सरासरी शिल्लक १०,००० वरून २५,००० केली, ती नसेल तर महिना ५०० रुपये दंड. आणि महिन्याला दोन लाखांच्या वर रोख भरली तर हजारी ३ रुपये, एका भरण्याला कमीत कमी ५० रुपये. सगळ्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. फुलवाल्या वहिनींना वाटलं कुणीतरी ऑनलाइन पैसे लांबवले, त्या घाबरून कार्ड बंद करून आल्या. हार्डवेअरवाले कॅशिअरशी भांडून आले. शिंपीभाऊ म्हणाले, जाऊ दे, आपलं कोण ऐकतंय. आणि आमचे तंतुवाद्यवाले, सतार-तंबोरे करणारे, त्यांनी तर २५,००० कायम खात्यात ठेवायचे म्हणून मेहुण्याकडून व्याजाने पैसे उचलले.

या शेवटच्या गोष्टीचा मला फार त्रास झाला. पाचशेचा दंड चुकवायला माणसाने कर्ज काढलं, आणि त्याची गरजच नव्हती. म्हणून हे लिहायला बसले. तुमच्या खात्यावर असे चार्जेस लागले असतील तर काय करायचं, कोणत्या क्रमाने करायचं, ते सांगते. राग येणं साहजिक आहे आणि तो योग्यही आहे. पण कॅशिअरच्या हातात काही नसतं. त्याला बोललेलं शब्दभरही कुठे नोंदलं जात नाही.

स्टेटमेंट वाचा, पासबुकावर जाऊ नका

पासबुकात जागा कमी असते, त्यात 'सीएचजी' असं काहीतरी तुटक छापतात आणि सगळं एका ओळीत गोळा होतं. शाखेतून किंवा ॲपमधून गेल्या सहा महिन्यांचं पूर्ण स्टेटमेंट काढा. एक लाल पेन घ्या. बँकेने स्वतः कापलेल्या प्रत्येक रकमेखाली रेघ मारा आणि समोर लिहा: शिल्लक कमी, रोख भरणा, चेकबुक, एसएमएस, कार्डाची वार्षिक फी, चेक परत, जीएसटी. हे करताना काकांचा राग निम्मा ओसरला, कारण ३,७१७ हा आकडा एकदम समोर आला की लूट वाटते, सुटा केला की त्याला हात घालता येतो.

काकांचं असं निघालं. दर महिन्याला ५०० दंड अधिक ९० जीएसटी, म्हणजे ५९०. तीन महिन्यांचे १,७७०. राहिले १,९४७, ते रोख भरण्याचे. काका महिन्यात साधारण चोवीस वेळा पंधरा-पंधरा हजार भरतात. तेरा वेळा भरेपर्यंत १,९५,००० होतात, तोवर फुकट. चौदाव्या भरण्यापासून चार्ज सुरू. पंधरा हजारांवर हजारी ३ ने ४५ रुपये होतात, पण किमान ५० लागतात. अकरा भरण्यांचे ५५०, जीएसटी ९९, महिन्याचे ६४९.

आता बँकेचा दरपत्रक-तक्ता घ्या. प्रत्येक बँकेच्या संकेतस्थळावर सेवाशुल्काची यादी असते, शाखेतही मागता येते. तुमचं खातं कोणत्या प्रकारचं आहे ते आधी विचारा, कारण एकाच बँकेत करंट खात्याचे पाच-सहा प्रकार असतात आणि प्रत्येकाची शिल्लक, फुकट रोख मर्यादा वेगळी. लाल रेघा त्या तक्त्याशी ताडून पाहा. शाखेत स्लिप भरून एनईएफटी केली असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, तिथे रिझर्व्ह बँकेनेच कमाल मर्यादा घातली आहे: दहा हजारांपर्यंत २.५० रुपये, एक लाखापर्यंत ५, दोन लाखांपर्यंत १५, त्यावर २५, आणि जीएसटी. यापेक्षा जास्त कापले असतील तर ती सरळ चूक आहे.

बचत खात्याचे नियम इथे लागत नाहीत

याच जागी बहुतेक लोक घसरतात. मोबाइलवर फिरणारे निरोप वाचून ते शाखेत जातात आणि रिझर्व्ह बँकेचा नियम दाखवतात, मॅनेजर म्हणतो तो तुम्हाला लागू नाही, आणि तो खरं बोलत असतो.

रिझर्व्ह बँकेने २० नोव्हेंबर २०१४ ला एक परिपत्रक काढलं, ते १ एप्रिल २०१५ पासून लागू झालं. शिल्लक कमी पडली तर आधी ग्राहकाला कळवायचं, महिनाभर मुदत द्यायची, दंड जितकी शिल्लक कमी पडली तितक्या प्रमाणातच लावायचा, आणि नुसत्या दंडामुळे खातं उणे जाऊ द्यायचं नाही. चांगला नियम आहे, पण तो बचत खात्यासाठी आहे. करंट खात्याला हे संरक्षण नाही. म्हणून काकांची शिल्लक एकवीस हजारांनी कमी असो की एक हजाराने, दंड सरसकट पाचशे.

मला हे अन्यायाचं वाटतं आणि मी ते मोकळेपणाने म्हणते. करंट खात्यावर बँक व्याज देत नाही. दुकानदाराचे पैसे तिला बिनव्याजी वापरायला मिळतात. त्यात तो पैसा तिच्याकडे आणून भरायचाही चार्ज. फुलं, दूध, भाजी विकणाऱ्याच्या गल्ल्यात रोकडच जास्त असते, तो ती टाळणार कशी? पण नियम काय आहे आणि काय असायला हवा, या दोन गोष्टी अर्ज लिहिताना वेगळ्या ठेवाव्या लागतात. त्याकडे पुढे येते.

सरासरी म्हणजे रोजची शिल्लक नव्हे

तंतुवाद्यवाल्यांना जे मी वेळेत सांगू शकले नाही ते इथे नीट सांगते. 'सरासरी मासिक शिल्लक २५,०००' याचा अर्थ खात्यात कायम २५,००० पडून असायला हवेत असा नाही. रोज दिवस संपताना जी शिल्लक असते ती तीस दिवसांची बेरीज करायची आणि तीसने भागायचं. ऑर्डरचे ७५,००० आले, दहा दिवस खात्यात राहिले, मग भोपळे आणि लाकूड घेण्यात सगळे गेले आणि पुढचे वीस दिवस खातं शून्यावर होतं, तरी सरासरी बरोबर २५,००० भरते. त्यांचा व्यवहार असाच ठोक असतो. मेहुण्याचे पैसे त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात परत केले. फक्त आता लाकडाचे पैसे देताना ते कॅलेंडर बघतात.

काकांचं उलटं होतं. त्यांच्या खात्यात पैसा येतो भरपूर, थांबत नाही. रोजचे पंधरा हजार रोख आणि क्यूआरवर आलेले सात हजार, असे बावीस हजार जमा व्हायचे आणि संध्याकाळी सात वाजता ते दूध एजन्सीला पाठवून मोकळे व्हायचे. उधारी डोक्यावर ठेवून झोपायचं नाही, हा त्यांच्या वडिलांचा शिरस्ता. दिवसअखेर खात्यात उरायचे चार हजार. बँक बघते ती तीच चार हजारांची रात्र. दिवसभरात किती लाखांची उलाढाल झाली याला सरासरीत काही किंमत नाही.

मी विचारलं, "काका, हेच पैसे दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पाठवले तर एजन्सीवाले चालवून घेतील?" त्यांनी फोन लावला. एजन्सीवाल्याला सकाळची गाडी सुटायच्या आत पैसे हवे होते, संध्याकाळीच हवेत असं काही नव्हतं. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास, सुटीच्या दिवशीही चालते, त्यामुळे सकाळी सातला पाठवायला अडचण नाही. आता रात्री खात्यात २६,००० असतात. बँक बंद असते त्या दिवशी रोख भरता येत नाही, तेव्हा फक्त क्यूआरचे धरून ११,०००. चोवीस दिवस २६,००० आणि सहा दिवस ११,०००, बेरीज ६,९०,०००, सरासरी २३,०००. दोन हजार कमी पडत होते. काकांनी तळाशी चार हजारांऐवजी सात हजार ठेवायला सुरुवात केली, सरासरी २६,००० झाली. घरातून घातले ते फक्त तीन हजार.

तुमचं गणित असंच मांडून पाहा. देणी संध्याकाळऐवजी सकाळी, आणि जमलं तर शनिवारऐवजी सोमवारी द्या. शुक्रवारच्या रात्रीची शिल्लक मग तीन दिवस मोजली जाते. क्यूआरचे पैसे काही कंपन्या दुसऱ्या दिवशी जमा करतात, ते तुमच्याकडे कधी पडतात ते बघून घ्या. मात्र ज्याचे पैसे आहेत त्याच्याशी आधी बोला. माल देणाऱ्याचा विश्वास पाचशे रुपयांपेक्षा मोठा आहे.

रोख भरण्याचं

इथे फार युक्त्या नाहीत. एक लगेच सुचते ती म्हणजे दोन दिवसांची रोकड एकदम भरायची, म्हणजे किमान पन्नासचा फटका कमी बसेल. मी ते काकांसाठी मांडून पाहिलं. महिन्याला जीएसटी धरून ५९ रुपये वाचतात. त्यासाठी दर दिवसाआड रात्री हजारोंची रोकड घरात ठेवायची. मी नको म्हटलं, आणि तुम्हालाही नकोच म्हणेन.

खरा उपाय गल्ल्यावर आहे. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराकडून व्यवहारामागे कमिशन घेतलं जात नाही. काकांनी क्यूआरचा फलक दुधाच्या कॅनशेजारी, हाताच्या उंचीवर लावला. आधी तो आत भिंतीवर, देवाच्या फोटोखाली होता. महिन्याचं खातं असलेल्या घरांना त्यांनी सांगितलं की एक तारखेला बिल क्यूआरवर द्या. फेब्रुवारीत रोख भरणा साडेतीन लाखांवरून अडीचवर आला. चार्ज पूर्ण गेला नाही, पण निम्म्याहून खाली आला.

रोकड बँकेत न भरता त्यातूनच मालाचे पैसे द्यावेत, असंही काही जण करतात. त्यात जपून. एका दिवसात एकाच माणसाला १०,००० च्या वर रोख दिली तर, थोडे अपवाद सोडून, आयकरात तो खर्च धरला जात नाही. ६४९ वाचवायला जाऊन त्याच्या कितीतरी पट कर भराल.

नाण्यांवरून शाखेत वाद होतो तो वेगळा. नाणी घ्यायला कोणतीही शाखा नकार देऊ शकत नाही. शंभर-शंभर नाण्यांच्या प्लास्टिकच्या पिशव्या करून न्या, रिझर्व्ह बँकेच्या सूचनांतच ही सोय सुचवलेली आहे. वहिनी तशा नेतात, काउंटरवर वेळ जात नाही.

जीएसटीचे पैसे परत मिळतात, ज्यांना मिळतात त्यांना

हार्डवेअरवाल्यांची दुकानाची जीएसटी नोंदणी आहे, पण बँकेकडे त्यांनी तो नंबर कधी दिलाच नव्हता. वर्षाला त्यांचे १६,००० चार्जेसमध्ये जातात, त्यावरचा जीएसटी २,८८०. नंबर खात्याला जोडलेला असता तर हा जीएसटी इनपुट क्रेडिट म्हणून, म्हणजे त्यांना भरायच्या जीएसटीतून, वळता झाला असता. एका अर्जाचं काम. बँकेला नंबर द्या, पुढच्या महिन्यापासून बँकेने कापलेला जीएसटी तुमच्या २बी मध्ये (जीएसटी पोर्टलवरच्या क्रेडिटच्या यादीत) दिसतो का ते तपासा. कंपोझिशनमध्ये, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याच्या योजनेत, असाल तर क्रेडिट मिळत नाही. काकांचं दूध करमुक्त, नोंदणी नाही, त्यामुळे त्यांना याचा उपयोग नव्हता.

अर्ज कसा लिहायचा

आता मुख्य काम. हार्डवेअरवाल्यांनी रागाने एक अर्ज आधीच दिला होता. त्यात होतं: "आपण लावलेले चार्जेस अवाजवी असून ते त्वरित रद्द करावेत." मी त्यांना म्हटलं, भाऊ, या वाक्याला बँक एका ओळीत उत्तर देईल. चार्ज किती लावायचा हा बँकेचा व्यावसायिक निर्णय मानला जातो, आणि रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल योजनेत, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी जिथे ऐकल्या जातात तिथे, बँकेच्या व्यावसायिक निर्णयाविरुद्धची तक्रार घेतलीच जात नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये किमान शिल्लकेवरून देशभर ओरड झाली तेव्हा रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनीही हेच सांगितलं, की किमान शिल्लक किती ठेवायची हे बँकांनी ठरवायचं आहे.

म्हणजे 'फार आहे' म्हणून उपयोग नाही. विचारायचं असं: मला कळवलं होतं का, कसं, कधी? तक्त्याप्रमाणेच कापलं का? हिशेब दाखवा. ही सेवेतली त्रुटी ठरू शकते, आणि तिची तक्रार पुढे नेता येते. काकांचा अर्ज मी असा लिहून दिला:

"मा. शाखाधिकारी यांस. माझ्या चालू खात्यातून ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत सोबतच्या यादीप्रमाणे एकूण रु. ३,७१७ कापले गेले आहेत. कृपया पुढील माहिती लेखी द्यावी. १) हे शुल्क कोणत्या तारखेपासून लागू झाले व माझे खाते कोणत्या प्रकारात मोडते. २) या बदलाची सूचना मला कोणत्या तारखेला, कोणत्या मार्गाने व कोणत्या क्रमांकावर पाठवली, त्याचा पुरावा. ३) तिन्ही महिन्यांच्या सरासरी शिल्लकेचा दिवसवार हिशेब. ४) कमी शिल्लकेच्या खातेप्रकारात माझे खाते बदलून मिळेल काय. सूचना मिळाल्याचे सिद्ध होत नसल्यास कापलेली रक्कम परत जमा करावी. ही माझी तक्रार समजून तक्रार क्रमांक द्यावा."

एवढंच. वय, आजारपण, तीस वर्षांचं नातं, यातलं काही नाही. ते तोंडी बोला, माणसं ऐकतात. कागदावर मात्र तारखा आणि आकडे. स्टेटमेंटच्या लाल रेघा मारलेल्या पानांची झेरॉक्स जोडा. दोन प्रती न्या, एकीवर आवकचा शिक्का, तारीख आणि सही घ्या. "ठेवून जा, बघतो" म्हणाले तर नम्रपणे उभं राहा. पोच नसलेला अर्ज दिलाच नाही असं समजा. मराठीत लिहायला बिचकू नका. खातं उघडण्याचे फॉर्म, भरणा स्लिप असे ग्राहकांचे छापील कागद बँकांनी इंग्रजी, हिंदी आणि इथली भाषा अशा तिन्हींत ठेवायचे असतात. मराठी अर्ज घेत नाही असं कुणी म्हणू शकत नाही.

काकांना एकोणिसाव्या दिवशी उत्तर आलं. सूचना एसएमएसने गेली होती, पण ज्या नंबरवर गेली तो काकांनी तीन वर्षांपूर्वी बंद केलेला. नवा नंबर दिल्याचा जुना अर्ज काकांच्या फायलीत होता, पोचेसहित. शाखेने पहिल्या महिन्याचे १,२३९ रुपये परत जमा केले. पूर्ण परत आले नाहीत. पण मॅनेजरबाईंनी समोर बसवून पुढच्या दोन महिन्यांचा दिवसवार हिशेब दाखवला, तो बरोबर होता, आणि काकांनी तो मान्य केला. वहिनींचं खातं तशाच अर्जावरून कमी शिल्लकेच्या प्रकारात बदलून मिळालं, त्यांना रोख मर्यादा थोडी कमी आली पण त्यांचा भरणा तेवढा नाहीच.

'जाऊ दे' म्हणणाऱ्या शिंपीभाऊंचं प्रकरण सगळ्यात सरळ निघालं. तीन वर्षांपासून त्यांनी त्या खात्याला हातच लावला नव्हता. खातेदाराने दोन वर्षांहून जास्त काळ एकही व्यवहार केला नाही तर खातं निष्क्रिय ठरतं, बँकेने स्वतः कापलेले चार्जेस हे खातेदाराचे व्यवहार धरत नाहीत, आणि निष्क्रिय खात्यावर किमान शिल्लकेचा दंड लावायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. हे करंट खात्यालाही लागू आहे. खातं पुन्हा चालू करायलाही पैसे घेता येत नाहीत. अर्जात मी एवढंच लिहिलं. नवव्या दिवशी १,७७० रुपये परत. ते आले तेव्हा भाऊ खाली उतरून माझ्यासाठी खव्याची पोळी घेऊन आले.

एकट्याने आणि मिळून

ओरड करून काही होत नाही असं कुणी म्हटलं तर मी मानत नाही. बँक ऑफ बडोदाने १ नोव्हेंबर २०२० पासून महिन्यातल्या फुकट रोख भरण्या-काढण्याच्या वेळा पाचवरून तीनवर आणल्या होत्या. गदारोळ झाला आणि दोनच दिवसांनी अर्थ मंत्रालयाने जाहीर केलं की कोविडची स्थिती पाहून बँकेने तो बदल मागे घेतला आहे. स्टेट बँकेने २०१७ मध्ये बचत खात्यावर पुन्हा सुरू केलेला शिल्लकेचा दंड लोकांच्या नाराजीनंतर टप्प्याटप्प्याने कमी केला आणि मार्च २०२० मध्ये काढूनच टाकला. आयसीआयसीआय बँकेने ऑगस्ट २०२५ मध्ये शहरांतल्या नव्या बचत खात्यांसाठी किमान सरासरी ५०,००० केली आणि दोन आठवड्यांच्या आत ती १५,००० वर आणली. त्याच वर्षी कॅनरा, पंजाब नॅशनल, इंडियन बँक अशा सरकारी बँकांनी बचत खात्यावरचा हा दंड बंद केला. तेव्हा चार्ज 'फार आहे' हे जरूर म्हणा, पण ते एकट्याच्या तक्रार अर्जात न घालता मिळून म्हणा. व्यापारी संघटनेच्या लेटरहेडवर, सगळ्यांच्या सह्या आणि सगळ्यांची मिळून वर्षाची उलाढाल लिहून, शाखेऐवजी विभागीय कार्यालयाला. आम्ही तसं पत्र दिलं आहे. उत्तर अजून यायचं आहे.

तीस दिवसांत उत्तर नाही, किंवा पटलं नाही

तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. १२ नोव्हेंबर २०२१ पासून देशभरासाठी एकच एकत्रित योजना झाली आहे. फी नाही, वकील लागत नाही. वकिलामार्फत तक्रार केलेली चालतही नाही. 'सीएमएस' नावाच्या संकेतस्थळावर भरता येते, किंवा चंदीगडच्या रिझर्व्ह बँकेतल्या केंद्राकडे टपालाने पाठवता येते, आणि टपालाची तक्रार कोणत्याही भाषेत चालते. अडलं तर १४४४८ वर विचारा. आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असणं ही अट आहे. पोच जपायची ती यासाठीच. आणि उशीर करू नका, मुदत असते.

खातं बंदच करायचं असेल

करा, तो तुमचा हक्क आहे. पण रागाच्या दिवशी नको. आधी नव्या बँकेत खातं उघडा, तिचा तक्ता याच लाल पेनाने वाचा. कॅश क्रेडिट (धंद्यासाठी बँकेने दिलेली उचल) किंवा कर्ज असेल तर कर्ज देणाऱ्या बँकेशी बोलल्याशिवाय दुसरीकडे करंट खातं उघडायच्या भानगडीत पडू नका. चार्ज नाहीत म्हणून सगळी रक्कम पतसंस्थेत हलवणाऱ्यांना हात जोडून सांगते: बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेला तो नाही. आमच्या भागात बुडालेल्या ठेवींची दुःखं घरोघरी आहेत.

मग क्यूआर नव्या खात्याला जोडा. कर्जाचे, विम्याचे, विजेचे हप्ते कुठून कापले जातात ते हलवा. जीएसटी पोर्टलवरचं खातं बदला. दिलेले चेक सगळे वटले का ते पाहा. खातं बंद म्हणून चेक परत गेला तर तोही चेक न वटल्याचा गुन्हा धरला जातो. दोन महिने दोन्ही खाती चालू ठेवा. बंद करताना त्याचा चार्ज आहे का ते आधी विचारा, उरलेले कोरे चेक बँकेसमोर फाडून द्या, आणि खातं बंद झाल्याचं पत्र घेऊन ते जमाखर्चाच्या फायलीत लावा.

काकांनी खातं बंद केलं नाही. दर महिन्याच्या दोन तारखेला ते स्टेटमेंटची दोन पानं आणि लाल पेन घेऊन माझ्याकडे येतात, रेघा आता स्वतः मारतात.